एमएच-१४ ची गाडी केए-२२ वर: बेळगावात राहायला आलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

कुटुंबाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. कागदांचा क्रम आणि हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

जून २०२४ मध्ये चिंचवडचं एक जोडपं बेळगावात राहायला आलं. नवऱ्याला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी लागली होती. घर टिळकवाडीत, भाड्याचं. बायकोचं माहेर चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पुढे. म्हणजे महाराष्ट्र सोडला तरी तो अर्ध्या-पाऊण तासावर उरलेला.

गाडी पेट्रोलवरची छोटी एसयूव्ही. पिंपरी-चिंचवड आरटीओत १८ नोव्हेंबर २०१९ ला नोंदलेली, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) बायकोच्या नावावर. इनव्हॉइसवर किंमत ९,८६,००० रुपये. महाराष्ट्रात तेव्हा दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर होता, तो १,०८,४६० रुपये भरून झालेला. कर्ज पाच वर्षांचं, शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२४ चा. विम्याचं नूतनीकरणही त्याच महिन्यात.

या तिन्ही गोष्टी नोव्हेंबरातच येऊन पडल्या होत्या. पुढचे सगळे निर्णय त्याभोवती फिरले.

अडचण

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो. केंद्रीय नियम ५४ प्रमाणे हे बारा महिने संपल्यापासून तीस दिवसांत नव्या नंबरचा अर्ज, म्हणजे फॉर्म २७, दाखल करायचा. इथवर सरळ आहे.

बेळगावात मात्र हे सरळ दिसत नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लजची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला रोज इथं येतात. रस्त्यावर एमएच-०९ च्या गाड्या केए-२२ इतक्याच नेहमीच्या. त्यामुळे नुसत्या पाटीवरून कोण पाहुणा आणि कोण रहिवासी हे कळत नाही, आणि वर्षानुवर्षं एमएच पाटीवर इथंच राहणारेही पुष्कळ आहेत. ‘कोणी विचारत नाही’ हा सल्ला इथं फुकट मिळतो. प्रश्न येतो तो तपासणीच्या मोहिमेत किंवा अपघातानंतर विमा कंपनी कागद मागते तेव्हा. कधी गाडी विकायला काढल्यावरच गिऱ्हाईक अडून बसतं. सीमाप्रश्न तापला की पाटीचा ताण वेगळाच. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. पण नंबर बदलायचं कारण ते नव्हे. कारण गाडी रात्री कुठे उभी असते हे आहे.

दुसरी अडचण पैशाची. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स, म्हणजे हाच एकरकमी कर, पुन्हा भरावा लागतो. ‘एकदा भरलाय, परत का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. हा कर राज्याचा, त्यामुळे इथला इथं भरायचा आणि तिथल्याचा उरलेला भाग तिथून परत मागायचा. भरावं आधी लागतं, परतावा नंतर आणि सावकाश. हातात तेवढी रक्कम मोकळी हवी.

समोर असलेले पर्याय

पहिला, काहीच न करणं. बारा महिन्यांच्या आत तो कायदेशीर आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि घाबरून ते पहिल्याच महिन्यात एजंटाकडे धावतात. या जोडप्याने बारा महिने वापरायचे ठरवले, पण गाडी कधीपासून इथं आहे याचा पुरावा गाडीत ठेवून. नोकरीचं नेमणूकपत्र, जूनपासूनचा भाडेकरार आणि फास्टॅगचं स्टेटमेंट. सामान घेऊन आले त्या दिवशी कोगनोळी टोलवर कापलेली रक्कम त्यात तारखेसह दिसते. याच्याइतका साधा आणि खोडून काढायला कठीण पुरावा दुसरा नाही.

दुसरा, गाडी पुण्यातच विकून इथं केए पाटीची घेणं. मिळालेली बोली आणि तशाच जुन्या केए गाडीचा भाव यातला फरक कराच्या रकमेपेक्षा जास्त निघाला. तिथंच सोडून दिला. दहा-बारा वर्षांच्या गाडीला हे गणित उलटं पडू शकतं.

तिसरा, बीएच मालिका, म्हणजे राज्य बदललं तरी तोच राहणारा नंबर. सप्टेंबर २०२१ पासून ती सुरू आहे. सरकारी आणि संरक्षण कर्मचाऱ्यांना, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना ती मिळू शकते. फाउंड्रीचा कारभार दोनच राज्यांत. बाद.

चौथा पर्याय अस्सल सीमाभागातला. सासऱ्यांनी सुचवलं, “आमच्या पत्त्यावर घाला की गाडी, जावईबापू. एमएच-१४ तशीच राहील, फक्त पत्ता चंदगडचा.” राज्याच्या आत पत्ता बदलला तर नंबर तोच राहतो, दुसऱ्यांदा कर लागत नाही, काम स्वस्तात होतं. मालकीण लेकच असल्याने माहेरचा पत्ता दाखवणंही अवघड नव्हतं. मोह पडण्यासारखाच हा रस्ता.

तो नाकारला, आणि आमच्या मते बरोबर नाकारला. कलम ४० प्रमाणे गाडी जिथं सर्वसाधारणपणे ठेवली जाते त्या राज्यातल्या कार्यालयात नोंद हवी. गाडी रोज टिळकवाडीत उभी, मुलाची शाळा बेळगावात, नोकरी उद्यमबागेत. चंदगडचा पत्ता म्हणजे निव्वळ कागद. उद्या मोठा अपघाती दावा झाला तर त्या कागदावर बोट ठेवणारा वकील लगेच मिळेल. मात्र कोणी खरंच शिनोळीत राहून रोज बेळगावला कामाला येत असेल, तर त्याची एमएच पाटी पूर्ण रास्त आहे आणि त्याने कोणाच्या सांगण्यावरून नंबर बदलू नये.

उरला पाचवा पर्याय. जुन्या आरटीओची रीतसर एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र), कर आणि केए-२२.

निर्णयाची पहिली जागा: कर कधी भरायचा

कर्नाटकात जुन्या गाडीचा लाइफटाइम टॅक्स दोन टप्प्यांत निघतो. आधी किमतीप्रमाणे नव्या गाडीचा दर: पाच लाखांपर्यंत १३ टक्के, पाच ते दहा लाख १४, दहा ते वीस लाख १७, त्यापुढे १८. मग वयाप्रमाणे त्यातला हिस्सा: चार ते पाच वर्षांच्या गाडीला ७५ टक्के, पाच ते सहा वर्षांच्याला ६९. आलेल्या करावर ११ टक्के उपकर. वय मोजायचं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून.

या गाडीचा नव्याचा कर ९,८६,००० च्या १४ टक्के, म्हणजे १,३८,०४० रुपये. नोव्हेंबरच्या आधी भरला असता तर त्याच्या ७५ टक्के, उपकरासह १,१४,९१८. अठरा नोव्हेंबर ओलांडल्यावर ६९ टक्के, उपकरासह १,०५,७२५. नऊ हजारांहून थोडा जास्त फरक, आणि तोही कायद्याने दिलेल्या बारा महिन्यांच्या आत राहून. शिवाय शेवटचा हप्ता फिटला की आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवून स्वच्छ कागदावर एनओसी काढता येणार होती. थांबायचं ठरलं.

वयाची पायरी पुढच्या सात-आठ महिन्यांत येत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. अकरा महिन्यांवर असेल तर नाही. एनओसीला, तपासणीला, कागद परत येण्याला लागणारा वेळ धरला की मुदत अंगावर येते.

काय केलं आणि कुठे अडलं

थांबण्याच्या काळात आरटीओत पाऊल न टाकताही तयारी करता येते. ती अर्धीच झाली. पुढची बहुतेक अडवणूक त्यातूनच आली.

पहिला अडथळा मोबाइल नंबरचा. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर एनओसीचा अर्ज भरताना ओटीपी आरसीला जोडलेल्या नंबरवर जातो. इथं जोडलेला नंबर गाडी विकणाऱ्या शोरूमच्या कर्मचाऱ्याचा होता, २०१९ मध्ये घाईत भरलेला. ही गोष्ट इतकी सर्रास घडते की अर्जाला बसण्याआधी आरसीला कोणता नंबर जोडला आहे ते पाहून घ्यावं. तो बदलायला नोंदणीची तारीख, चासी नंबर आणि इंजिन नंबर हाताशी लागतात.

दुसरा, बँकेचा. कर्ज फिटल्यावर बँकेने फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि ना-हरकत पत्र पोस्टाने पाठवलं ते चिंचवडच्या जुन्या पत्त्यावर. पाकीट परत गेलं. दुसरी प्रत मागण्यात डिसेंबर संपत आला. बँकेला पत्ता बदलल्याचं जूनमध्येच कळवायला हवं होतं. फॉर्म ३५ च्या दोन प्रती लागतात आणि दोन्हींवर बँकेचा मूळ शिक्का-सही हवी, झेरॉक्स चालत नाही. बोजा उतरल्यावर आरसीची नवी नोंद पाहून मगच पुढे जायचं.

तिसरा, जुने ई-चलन. द्रुतगती मार्गावरचं वेगमर्यादेचं एक आणि चिंचवडातलं पार्किंगचं एक. दोन्ही भरून पावत्या अर्जाला जोडल्या.

मग फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा अर्ज. त्यावर चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते, आणि सर्वात जास्त अर्ज परत येतात ते याच साध्या कामामुळे. गाडीच्या मॉडेलप्रमाणे नंबर बॉनेटखाली फायरवॉलवर किंवा पुढच्या सीटजवळ गालिच्याखाली कोरलेला असतो. या गाडीचा सीटखाली होता आणि त्यावर पाच वर्षांची धूळ नि चिकट थर. फडक्याला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून तो पुसायचा, कोरड्या फडक्याने पूर्ण सुकवायचा. मग मऊ पेन्सिल आडवी धरून अक्षरांवरून हलक्या हाताने फिरवायची, वर रुंद पारदर्शक चिकटपट्टी दाबून एका झटक्यात उचलायची आणि फॉर्मवरच्या जागेत चिकटवायची. सतराच्या सतरा अक्षरं दिसली पाहिजेत. पहिल्या प्रिंटमध्ये शेवटची दोन अक्षरं पुसट आली, कारण पत्रा ओलसर होता. चार-पाच प्रिंट एकदम काढून ठेवाव्यात, बेळगावातही लागतात.

फॉर्म २८ भरताना ज्या कार्यालयात गाडी जाणार त्याचं नाव निवडावं लागतं. टिळकवाडीसाठी बेळगाव, केए-२२. निपाणीत राहणाऱ्याने मात्र सवयीने ‘बेळगाव’ टाकू नये, त्याचं कार्यालय चिक्कोडी, केए-२३. गोकाकला केए-४९, बैलहोंगलला केए-२४. चुकीचं कार्यालय पडलं तर एनओसी दुरुस्त करायला पुन्हा मूळ आरटीओचं दार. एनओसी निघाल्यावर जुन्या कार्यालयात दुसरं कोणतंच काम होत नाही, म्हणून नावाचं स्पेलिंग, इंजिन नंबर, इंधन हे सगळं आधी तपासून दुरुस्त करून घ्यावं. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का, हेही याच वेळी पाहायचं.

कलम ४८ प्रमाणे अर्जावर तीस दिवसांत निर्णय कळवायचा असतो. कळवला नाही तर एनओसी दिली असं धरलं जातं. व्यवहारात ‘धरलेली’ एनओसी घेऊन दुसऱ्या राज्याच्या खिडकीवर उभं राहण्यात अर्थ नाही. पाठपुरावा करून कागदच मिळवावा. तो जानेवारी २०२५ च्या शेवटी मिळाला.

निर्णयाची दुसरी जागा: पत्ता कोणाच्या नावाचा

आरसी बायकोच्या नावावर, भाडेकरार एकट्या नवऱ्याच्या. बेळगावच्या खिडकीवर पहिलाच प्रश्न हा आला: गाडीच्या मालकिणीचा इथला पत्ता कुठे आहे?

दोन वाटा होत्या. गाडी नवऱ्याच्या नावावर करणं म्हणजे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, हस्तांतरणाचं शुल्क, विमा पॉलिसीचंही नाव बदलणं, आणि नवऱ्याच्या नावावर नो-क्लेम बोनस नव्याने सुरू. पुरावा मिळवण्यासाठी मालकी बदलणं म्हणजे दार अडतं म्हणून भिंत पाडण्यातला प्रकार. दुसरी वाट स्वस्त: आधी नवऱ्याने भाडेकरारावर आधारचा पत्ता बदलला, मग बायकोने कुटुंबप्रमुखाच्या संमतीने, विवाह नोंदणीचा दाखला जोडून, आपला पत्ता त्यावर घेतला. ही सोय २०२३ पासून ऑनलाइन आहे. सोबत घरमालकाकडून दोघांच्या नावाचा नवा करार करून घेतला, इंग्रजीत. नुसता मराठी करार इथल्या कार्यालयात नेऊ नये. कन्नड किंवा इंग्रजीच सोयीचं.

भाडेकरार पहिल्याच दिवशी दोघांच्या नावाने केला असता तर हे सगळं वाचलं असतं. आपल्याकडे करारावर पुरुषाचं नाव आणि गाडी बायकोच्या नावावर, ही जोडी फार घरांत आहे.

निर्णयाची तिसरी जागा: गाडीची किंमत कोणती

फॉर्म २७, एनओसी, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल, प्रिंट असा गठ्ठा दाखल झाला. गाडी निरीक्षकासमोर नेली. समोरचा लोखंडी बंपर गार्ड आदल्या दिवशी काढून ठेवला होता, तो असता तर तिथंच परत पाठवलं असतं. चासी आणि इंजिन नंबर जुळले.

कराची रक्कम पुढे आली तेव्हा धक्का बसला: १,३३,३२८ रुपये. मूळ इनव्हॉइस जोडलेलं नव्हतं. पिंपरीच्या फाइलमध्ये ते असेल, असं गृहीत धरलं होतं. ते समोर नसल्याने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराची किंमत धरली गेली, १०,२४,००० रुपये. नुसता किमतीतला अडतीस हजारांचा फरक असता तर कर चारेक हजारांनी वाढला असता. पण इथं दहा लाखांची रेघ ओलांडली गेली आणि दर १४ वरून थेट १७ टक्क्यांवर गेला.

भरून मोकळं व्हावं, असं एजंटाचं म्हणणं. नवऱ्याने रक्कम न भरता आठवडाभराची सवड मागितली आणि चिंचवडच्या शोरूमकडून इनव्हॉइसची शिक्का मारलेली दुसरी प्रत मिळवली. जोडीला २०१९ ची पहिली विमा पॉलिसी दिली. तिच्यावर गाडीचा नेमका प्रकार आणि विम्यासाठी धरलेली किंमत छापलेली असते. लेखी अर्जासह दोन्ही दिल्यावर किंमत ९,८६,००० धरली गेली आणि कर १,०५,७२५ वर आला. एकदा भरलेला जादा कर परत मिळवण्यापेक्षा भरण्याआधी आठ दिवस थांबणं कितीतरी सोपं. ज्यांच्या गाडीची किंमत पाच, दहा किंवा वीस लाखांच्या आसपास आहे, त्यांनी इनव्हॉइसशिवाय खिडकीवर जाऊच नये.

परिणाम

मार्च २०२५ मध्ये केए-२२ चा नंबर मिळाला, बारा महिन्यांच्या मुदतीच्या आत. कराखेरीज नवीन नंबरचं शुल्क ६०० आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. जुन्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाट्या जमा करून नव्या, वाहन कंपनीच्या अधिकृत पुरवठादाराकडून मागवल्या. साध्या दुकानातून रंगवून घेतलेली पाटी चालत नाही.

नंबर मिळाला की काम संपलं असं वाटतं, तिथंच दोन गोष्टी राहतात. विमा पॉलिसीवर नवा नंबर आणि पत्ता चढवून घ्यायचा. नोव्हेंबरात नूतनीकरण जुन्या नंबरवर झालं होतं, म्हणून दुरुस्तीपत्र घेतलं. पुढच्या वर्षी थोडा फायदाही आहे: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यासाठी पुणे ‘अ’ विभागात मोजलं जातं, बेळगाव ‘ब’ मध्ये. दुसरी गोष्ट फास्टॅग. तो जुन्या नंबरशी जोडलेला, त्यामुळे पाटी एक आणि टॅग दुसऱ्याच नंबरचा, अशी गाडी कोगनोळीला अडकते. बँकेत नवी आरसी देऊन टॅग बदलून घेतला आणि जुना बंद केला. पण जुन्या टॅगचं स्टेटमेंट आधी उतरवून ठेवलं.

महाराष्ट्राचा परतावा बाकी आहे. नवी आरसी, एनओसीची प्रत, २०१९ ची कराची पावती आणि रद्द केलेला धनादेश जोडून अर्ज पिंपरी-चिंचवड कार्यालयात दिला आहे. पावती हरवली असेल तर ती वाहन पोर्टलवरून पुन्हा काढता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये, आणि अर्जात दिलेलं बँक खातं गाडीच्या मालकाच्याच नावाचं हवं. इथं नवऱ्याचं दिलं होतं, म्हणून अर्ज एकदा परत आला.